एकच व्यक्ती असल्याबाबत

"नाव काय तुमचं?" मी विचारलं.

"कोणत्या कागदावरचं सांगू?" बाई म्हणाल्या.

चेष्टा करत नव्हत्या त्या. कापडी पिशवीतून त्यांनी चार कागद काढले, माझ्या टेबलावर कीबोर्डशेजारी ओळीने मांडले आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून दोन्ही हातांची बोटं पसरून दाबून धरले. मी एकेक वाचत गेले. नागरिकत्वाच्या दाखल्यावर होतं, भागवंती बाई, घनश्याम दास यांची पत्नी. आडनाव नाही. जुन्या पाकिस्तानी पासपोर्टच्या झेरॉक्सवर 'भाग' एकीकडे आणि 'वंती' दुसरीकडे, मध्ये जागा सोडलेली. पॅनकार्डावर भागवंतीबाई तलरेजा. आणि आधारवर भाग्यवंती घनश्यामदास तलरेजा.

"भाग्यवंती कुणी केलं तुम्हाला?"

"आधार काढणारी मुलगी बोलली, मावशी, तुमचं नाव चुकलंय, मराठीत भाग्यवंती म्हणतात. मी म्हटलं, असेल. इथली भाषा इथल्यांना ठाऊक."

मी तेव्हा आमच्या जिल्ह्याच्या कचेरीबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये अर्जनवीस म्हणून बसत होते. रजनी बाविस्कर, अशी पाटी टेबलाला लावलेली, खाली परवान्याचा नंबर. शेडमधल्या बावीस जणांत मी एकटी बाई, म्हणून बायका वाट वाकडी करून माझ्याकडे यायच्या. उत्पन्नाचे दाखले, वारसाचे अर्ज आणि नावातल्या चुका. नावातल्या चुकांत माझा हातखंडा होता. 'वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे,' हे वाक्य मी डोळे मिटून टाइप करत असे.

भागवंतीबाई तेव्हा अठ्ठावन्नच्या होत्या. अंगाने किरकोळ, पण पाठ ताठ. सिंधी कॉलनीत राहायच्या, साड्यांना फॉल-पिको करायच्या. चौदा वर्षांपूर्वी नवरा आणि दोन मुलगे यांच्यासोबत यात्रेकरूंच्या जथ्थ्यातून इकडे आल्या आणि परत गेल्या नाहीत. दर वर्षी व्हिसा वाढवायचा, पोलीस ठाण्यात हजेरी लावायची, गाव सोडून कुठं जायचं तर परवानगी काढायची, असं करत बारा वर्षं काढली. मग एक दिवस सभागृहात बोलावून गुलाबाचं फूल आणि दाखला हातात दिला. त्यांच्या नवऱ्याचाही दाखला तयार होता. तो घ्यायला घनश्यामदास नव्हते. तीन महिने आधी वारले होते.

"पासपोर्ट काढायचाय," त्या म्हणाल्या. "तिथला माणूस बोलला, आधी तुमचं नाव एक करून आणा."

"कुठं जायचंय?"

"मुलीकडे. तिकडे पाकिस्तानात, घोटकीच्या पुढं गाव आहे. कांता नाव तिचं. आम्ही आलो तेव्हा तिचं लग्न झालेलं, म्हणून ती राहिली." कागद पुन्हा ओळीत लावत त्या म्हणाल्या, "सतरा वर्षांची होती. आता तिच्या मुली मोठ्या व्हायला लागल्या."

मी त्यांचे कागद घेऊन कचेरीतल्या तडवी भाऊसाहेबांकडे गेले. परदेशी नागरिकांच्या फायली त्यांच्याकडे असत. सरळ माणूस. चहासुद्धा स्वतःच्या डब्यातला प्यायचा.

त्यांनी चारही कागद बघितले आणि दाखल्यावर बोट ठेवलं. "हे मूळ धरा. बाकी सगळे ह्याच्याशी जुळवून घ्या. ह्याला हात लावायचा तर फाइल वर जाते, आणि वर गेलेली फाइल तुमच्या-माझ्या हयातीत खाली येईल की नाही, देव जाणे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि बाविस्करताई, नावं जितकी कमी, तितकं बरं. प्रत्येक नावापाठी एक चौकशी लागते."

हे मी गाठीला बांधलं.

दोन दिवसांनी प्रतिज्ञापत्र करायला बसलो. चार कागद, चार नावं, चारही ओळीने टाइप केली. मी छापायला देणार तोच त्या म्हणाल्या, "ताई, अजून एक आहे."

"काय?"

"नाव. मूमल."

"हे आणि कुठून आलं?"

"ते पहिलं. आईबापाने ठेवलेलं. लग्नात सासरच्यांनी भागवंती केलं. आमच्यात करतात तसं."

"आमच्यातही करतात," मी म्हटलं. "मी माहेरची छाया. तांदळात अंगठीनं रजनी लिहिलं आणि संपलं. चोवीस वर्षांत कुणी विचारलं नाही. तुमच्या कोणत्या कागदावर आहे का मूमल?"

"माझ्या नाही. कांताच्या आहे." त्यांनी स्टूल जरा पुढं ओढलं. "ती माझ्या माहेरी शिकली. शाळेत नाव घालायला माझे वडील गेले. मास्तरने विचारलं, आईचं नाव काय. ते बोलले, मूमल. त्यांच्या तोंडात दुसरं नाव कधी बसलंच नाही. मग त्या दाखल्यावरून तिचे पुढचे सगळे कागद झाले."

"पण जायचं तुम्हाला आहे ना?"

"मलाच."

"मग तिच्या शाळेचा दाखला इथं कोण बघणार? गाडलेली मढी कशाला उकरायची, मावशी? चार नावं आहेत तीच खूप झाली."

मी कागद छापला आणि माझ्या सवयीप्रमाणे सगळा वाचून दाखवला. त्यांना मराठी बोललेलं बहुतेक कळायचं, वाचता यायचं नाही. शेवटचा परिच्छेद ठरावीक होता. माझ्या संगणकात कायमचा साठवलेला, सगळ्यांच्या प्रतिज्ञापत्राला लागायचा. 'वरील नावांखेरीज मी अन्य कोणत्याही नावाने ओळखली जात नाही व यापूर्वीही ओळखली जात नव्हते.'

"यापूर्वी म्हणजे पहिले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पहिले तर होते."

"मावशी, हे कागदापुरतं असतं. सगळ्यांच्या कागदावर हेच असतं."

"शपथ आहे ना पण ही?"

मागे तीन बायका रांगेत उभ्या होत्या. नोटरी वकील दोन वाजता जेवायला उठायचे, आणि पावणेदोन झाले होते. मी म्हटलं, "ह्याने तुमचं काम सोपं होईल. माझ्यावर विश्वास ठेवा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पेन घेतलं आणि सिंधीत, उजवीकडून डावीकडे, सावकाश सही केली.

पुढचं सगळं जसं सांगितलं होतं तसं झालं. राजपत्रात नाव छापून आलं. आधार दुरुस्त झालं, पॅन दुरुस्त झालं. सहा महिने थांबायचं म्हणतात, इथं अकरा लागले, पण पासपोर्ट आला. त्या दिवशी भागवंतीबाई गुळाच्या जाड गोड पोळ्या घेऊन आल्या. लोला म्हणतात त्यांच्याकडे. अख्ख्या शेडला वाटल्या. पासपोर्टचं पहिलं पान उघडून मला नाव दाखवलं आणि म्हणाल्या, "आता एकच बाई."

व्हिसा मिळाला नाही. दोन्ही देशांचं त्या सुमारास पुन्हा बिनसलं होतं. एकदा अर्ज परत आला, दुसऱ्यांदा उत्तरच आलं नाही. त्या तरी महिन्या-दोन महिन्यांनी येऊन माझ्याजवळ बसायच्या. काम काही नसायचं. कांताशी फोनवर काय बोलणं झालं ते सांगायच्या, पाणी प्यायच्या, जायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात कांताचा नवरा गेला. भाताच्या गिरणीत कामाला होता, विजेचा धक्का बसला. कांताला मागे दोन मुली, एक अकराची, एक आठची. सासरी दीर होता. त्याने महिनाभरात सांगितलं, की मोठीचं लग्न आपण ठरवू, तू फक्त मान हलव. कांताने आईला फोन केला. म्हणाली, "अमां, तू येऊ शकत नाहीस तर मला बोलवून घे."

ह्या वेळी भागवंतीबाई मुलाला घेऊन आल्या. हरेश त्याचं नाव. पस्तिशीचा, मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं त्याचं, अबोल. नियम साधा होता. आई भारताची नागरिक असेल तर तिच्या विधवा मुलीला इथं येऊन राहण्यासाठी अर्ज करता येत होता. आईने बोलवायचं, आणि मुलगी आपलीच आहे याचा पुरावा जोडायचा. पुरावा म्हणून कांताने तिथून शाळेचा दाखला आणि ओळखपत्र यांचे फोटो पाठवले. सगळं उर्दूत आणि सिंधीत. आम्ही भाषांतर करून घेतलं, शिक्का मारून घेतला. अर्ज भरताना आईच्या नावाशी मी थबकले. दाखल्यावर मूमल बाई होतं. पण वडिलांचं नाव जुळत होतं, गाव जुळत होतं. चालून जाईल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला ते वाटून घ्यायचं होतं.

दोन महिन्यांनी भागवंतीबाई एकट्याच आल्या. हातात पत्र होतं. "हरेश दुकानात आहे. काय लिहिलंय, वाचा जरा."

मी वाचायला सुरुवात केली. 'अर्जदार कांता बाई यांच्या कागदपत्रांनुसार त्यांच्या आईचे नाव मूमल बाई असे आहे. निमंत्रक श्रीमती भागवंती बाई यांनी नोटरीसमोर केलेल्या प्रतिज्ञापत्रात...' इथपर्यंत आले आणि पुढची ओळ दिसली. अवतरणचिन्हांत माझंच वाक्य होतं. अन्य कोणत्याही नावाने. यापूर्वीही. शब्दाला शब्द.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"ताई, काय लिहिलंय?"

"लिहिलंय की कांताची आई मूमल आहे," मी म्हटलं, "आणि तुम्ही मूमल नाही असं तुम्हीच शपथेवर सांगितलंय."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी माझ्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली, पिशवीत ठेवलं. टेबलावरच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मग आता?"

आम्ही तिघं तडवी भाऊसाहेबांपुढं जाऊन बसलो. भागवंतीबाई, हरेश आणि मी.

"दुसरं प्रतिज्ञापत्र करू," मी म्हटलं. "लग्नाआधीचं नाव मूमल होतं, असं."

"करा," तडवी म्हणाले. "मग मला विचारावं लागेल, पहिलं खोटं की दुसरं? दुसरं खोटं असेल तर अर्ज संपला. पहिलं खोटं असेल तर आणखी वाईट. वरून विचारतील, ह्या बाईने नावाबद्दल शपथेवर खोटं सांगितलं, तर नागरिकत्वाच्या अर्जात आणखी काय लपवलं? फाइल उघडेल. आणि ह्या मुलांचे दाखले त्याच फाइलमधून निघालेत."

"रक्त तपासा," भागवंतीबाई म्हणाल्या. "माझं घ्या, तिचं घ्या."

"मावशी, तिचं तिथं कोण घेणार? आणि घेतलं तर इथं कोणत्या कायद्याने मानणार?" ते चिडले नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला दिसतंय सगळं. पण मला दिसून काय उपयोग?"

हरेश तोवर खाली बघत होता. तो म्हणाला, "अमां, नाही."

"मी अजून काही बोलले नाही."

"तू बोलणार आहेस. नाही म्हणतोय मी. बारा वर्षं दर साली पोलीस ठाण्यात उभा राहिलोय. माझ्या लग्नाला पाहुण्यांसारखं पोलिसाला बोलवावं लागलं. माझी पोरं इथं जन्मलीत. त्यांना पुन्हा तसं..." उठून तो व्हरांड्यात गेला. काचेच्या दारातून त्याची पाठ दिसत होती. डोळे पुसत असावा.

निघताना तडवींनी मला थांबवलं. भागवंतीबाई दाराबाहेर पोचल्या होत्या.

"एक वाट आहे, बाविस्करताई. ज्याने लिहिलं त्याने पुढं यावं. बाईने दुसरं नाव सांगितलं होतं, तिला वाचता येत नाही, मी ते गाळलं, असं लेखी द्यावं. मग लपवाछपवी तिच्यावर येत नाही. मी जोरदार शेरा मारून वर पाठवीन."

"आणि लिहिणाऱ्याचं काय होतं?"

"परवाना जातो. कदाचित गुन्हाही दाखल होतो. लहानसाच."

"बघते," मी म्हटलं.

माझे मालक त्या वेळी घरीच होते. सूतगिरणी बंद पडल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. घर त्या टेबलावर चालत होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी निवेदन टाइप केलं. 'मी, रजनी बाविस्कर, सत्यकथन करते की.' पुढच्या पाच ओळी नीट जमल्या. छापलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं, वर स्टॅपलर ठेवला. सही केली नाही.

अकरा दिवस ते तसंच होतं. रोज सकाळी ड्रॉवर उघडायचे, रोज संध्याकाळी कुलूप लावायचे. त्या अकरा दिवसांत भागवंतीबाई दोनदा येऊन बसून गेल्या. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं, की कांताच्या ओळखपत्राची मुदत संपत आलीय. नवरा मेल्याची नोंद करून विधवा म्हणून नवीन काढायचंय. नाहीतर मुलींवर तिचा हक्क राहणार नाही, दीर पालक होईल. दुसऱ्यांदा नुसतं पाणी पिऊन गेल्या. तडवींनी मला काय सांगितलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी, शनिवार होता, त्या आल्या आणि स्टुलावर न बसता उभ्या राहूनच म्हणाल्या, "कागद करा ताई. मी मूमल आहे असा."

"हरेश?"

"त्याला सांगितलं नाही. तो माझा मुलगा आहे, तर तीही माझी मुलगी आहे. त्याच्याकडे बायको आहे, भाऊ आहे, दुकान आहे. तिच्याकडे कोण आहे?"

"मावशी, तुमचा दाखला जाऊ शकतो."

"गेला तर मला कुठं पाठवतील? तिकडेच ना?" त्या म्हणाल्या. "बरंच होईल."

मी ड्रॉवर उघडला. निवेदन काढून त्यांना वाचून दाखवलं, पाचही ओळी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हे कधी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"झाले काही दिवस."

त्यांनी मान हलवली. दोष देतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "तुमचं काम जाईल ह्याने?"

"जाईल बहुतेक."

"मग विचार करा. सोमवारी या म्हटलं तर मी सोमवारी येते."

"आज भाऊसाहेब नाहीत, सोमवारीच या," मी म्हटलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

सोमवारी मी दहालाच पोचले. त्यांचं नवं प्रतिज्ञापत्र टाइप केलं, ते आणि माझं निवेदन, दोन्ही कागद नव्या फाइलमध्ये लावून ठेवले. त्या साडेअकराला आल्या. फोन हातात होता आणि हात जरा लांब धरलेला.

"कांता आहे," त्या म्हणाल्या. "आत्ताच लागला. मी सांगितलं तिला, आज जातोय आम्ही साहेबांकडे. ती बोलतेय थांब, आधी ऐक. तुम्हीपण ऐका, ताई."

फोन त्यांनी टेबलावर ठेवला. मी कांताचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. आईसारखाच, जाडसर. सिंधी मला अर्धीमुर्धी कळायची. जे कळलं नाही ते भागवंतीबाईंनी नंतर सांगितलं.

शुक्रवारी मुदतीचा शेवटचा दिवस होता. तिथल्या ऑफिसात त्यांनी कांताकडे आईच्या ओळखपत्राचा नंबर मागितला. आईचं ओळखपत्र, ती भारताची झाली तेव्हाच रद्द झालेलं. यंत्रात नंबर घातला की लाल रेघ यायची आणि अर्ज पुढं सरकायचा नाही. आई परदेशी नागरिक असेल तर चौकशी, पोलीस, सहा महिने. आई मयत असेल तर काही नाही. गावातले दोन साक्षीदार आणि एक शपथ.

"मी लिहून दिलं, अमां," कांता म्हणाली. "आई मयत. मूमल बाई, मयत. चाचा आणि शेजारचे एक जण साक्षीला आले. मी शपथ घेतली."

फोनमधून कुठल्या तरी गाडीचा भोंगा ऐकू आला.

"अमां? मुली माझ्याकडे राहिल्या. कार्ड मिळेल पुढच्या आठवड्यात. अमां, ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"मला दुसरं काही सुचलं नाही. तुझ्याकडून काही येतं का बघत होते शुक्रवारपर्यंत."

मी फाइलवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"शपथेवर सांगितलंस?" भागवंतीबाईंनी विचारलं.

"हो."

"साक्षीदारांच्या सह्या झाल्या?"

"झाल्या."

"मग आता तेच सांगायचं," त्या म्हणाल्या. "कुणीही विचारलं तरी तेच. मध्येच बदलायचं नाही. बदललं की गोंधळ होतो." मग अगदी रोजच्या आवाजात त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

कांता रडायला लागली. फोन तसाच चालू होता. भागवंतीबाई स्टुलावर बसून फोनकडे बघत होत्या, उचलून कानाला लावत नव्हत्या. शेजारच्या टेबलावरच्या पवारांनी टाइप करणं थांबवलं होतं.

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "तरीपण देऊ या का हे? तडवी भाऊसाहेब काहीतरी..."

"काय देणार?" त्या म्हणाल्या. "मेलेल्या बाईने मुलीला बोलावलं, असं?"

तरी मी तडवींकडे गेले. त्यांनी दोन्ही कागद वाचले आणि माझं निवेदन मला परत दिलं. "आता ह्याने बाईचं काही व्हायचं नाही, आणि तुमचं मात्र होईल. फाडून टाका." मी फाडलं नाही. दिलंही नाही. त्याच महिन्यात परवान्याचं नूतनीकरण होतं, ते केलं. त्या वर्षी मी जे केलं त्यातलं नीट पार पडलेलं तेवढंच.

ह्या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. माझी मुलगी नोकरीला लागली तसं मी शेडमधलं टेबल सोडलं. भागवंतीबाईंचं आणि माझं येणं-जाणं राहिलं. का येतात त्या माझ्याकडे, हे मी कधी विचारलं नाही. हरेशला त्यांनी त्या शनिवारबद्दल कधीही कळू दिलं नाही. कांता तिकडेच आहे. दिराच्या घरातून निघून शिवणकाम करते. ती इकडे आली नाही, ह्या तिकडे गेल्या नाहीत. आठवड्याला फोन असतो.

मागच्या महिन्यात त्या घरी आल्या. आता सत्तरीला टेकल्यात, डोळ्यांनी कमी दिसतं. फोन काढून त्यांनी माझ्यापुढं धरला. मोठ्या नातीच्या लग्नाची पत्रिका होती, सिंधीत छापलेली, सोनेरी अक्षरं. एकोणिसावं चालू होतं तिला. दिराने ठरवलेलं नव्हतं हे लग्न, कांताने ठरवलं होतं, मुलीला विचारून.

"वाचा," त्या म्हणाल्या, मग लक्षात येऊन स्वतःच वाचू लागल्या. बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं. नवऱ्या मुलाचं नाव, गावाचं नाव, आजोबांची नावं. एका ओळीवर बोट थांबलं.

"स्वर्गवासी मूमल बाई," त्यांनी वाचलं. "लग्नाच्या नोंदणीला पत्रिका लावावी लागते, म्हणून कागदावर आहे तसंच छापायला लागलं तिला. आधी विचारलं होतं मला. मी म्हटलं, छाप. बरोबर लिहिलंय, ताई. एका अक्षराची चूक नाही."

मी विचारलं, "लग्न कधी आहे?"

"गुरुवारी. व्हिडिओवर दाखवणार आहे मला सगळं. फेरेसुद्धा." त्यांनी फोन बंद करून पदराने पुसला. "फक्त म्हणाली, अमां, तू तुझ्याकडचा आवाज बंद ठेव आणि चेहरा दाखवू नकोस. मांडवात सगळा गाव असतो."